मधली डबी

माझी सून सोलर पॅनेल बसवायची कामं करते. माझ्या चाकाच्या खुर्चीची बॅटरी चार्ज व्हावी म्हणून तिनं गॅलरीच्या कठड्यावर एक पॅनेल लावलं आणि पॅनेल व बॅटरीच्या मध्ये एक डबी बसवली. बॅटरी भरत आली की ही डबी करंट कमी करते. "हिला हात लावायचा नाही, बाबा," असं तिनं बजावलं होतं. मी चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलाय. मला कुणी बजावलेलं खपत नाही.

त्या दिवशी घाई होती. माझी थोरली बहीण, ताई, चार वाजता तिच्या मुलीकडे कायमची राहायला निघणार होती. आमची वयं पाहता ही भेट शेवटचीच. तिच्या दारात मला कुणी ढकलत नेलेलं नको होतं, माझं मी जायचं होतं. डबीमुळे चार्जिंग मात्र गोगलगायीच्या चालीनं चाललं होतं. मी डबी काढून टाकली आणि वायरी सरळ खुर्चीतून काढून ठेवलेल्या बॅटरीला जोडल्या.

दुपारी सून जेवायला आली तर गॅलरीत सडक्या अंड्याचा वास आणि बॅटरीचं पोट फुगलेलं. ती ओरडली नाही. आधी चाकं मोटरपासून सुटी करून माझी खुर्ची आत ढकलली, पॅनेलवर जाड चादर टाकली, खिडक्या उघडल्या आणि मगच वायरी सोडवल्या.

"भर उन्हात वायर ओढली असती तर ठिणगी पडून बॅटरीतला गॅस पेटला असता," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेजारीच बसला होतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढी कसली घाई होती?"

मी सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंत? मी नेलं असतं की ढकलत."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तिनं कपाळावर हात मारला आणि जेवण तसंच टाकून मला बाहेर काढलं.  वाटभर लाज वाटत होती, तिची मायाही कळत होती.

ताई काठी टेकून फाटकात उभी होती. "छोट्या, आलास!" म्हणत तिनं काठी सुनेकडे दिली आणि माझ्या खुर्चीच्या मुठी धरल्या. "बघू मला जमतं का."

मी नको म्हणणार होतो. तेवढ्यात मागून तिची पावलं ऐकू आली, हळूहळू, पण न अडखळता. कित्येक महिन्यांनी ताई काठीशिवाय चालत होती, माझ्या खुर्चीच्या आधारानं.

भाचीनं गाडीचा हॉर्न वाजवला.

"ताई," मी म्हणालो, "आणखी एक चक्कर मार ना."