ग्राउंडला एकच नाव

लातूरच्या एमआयडीसीत मल्लिनाथ बिडवे यांचा कारखाना होता. विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारे कंट्रोलर यांच्या पोटातले सर्किट बोर्ड तिथं तयार व्हायचे. शिवकांता तिथली एकुलती एक टेस्ट इंजिनिअर. मूळची बिलोलीची, शिकलेली विष्णुपुरीच्या कॉलेजात.

तिचं काम ऐकायला सोपं. स्प्रिंगच्या पिना असलेल्या साच्यावर, म्हणजे जिगवर, बोर्ड ठेवायचा, झाकण दाबायचं, की कुठला पार्ट बिघडलाय ते कॉम्प्युटर सांगणार. पण कुठल्या पिनेवर काय मोजायचं हे आधी कुणीतरी कॉम्प्युटरला लिहून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे शिवकांता. एका बोर्डाला तीन आठवडे लागायचे, आणि त्यातले दोन आठवडे नुसत्या शोधाशोधीत जायचे. कारण प्रत्येक डिझाईनमध्ये नावं वेगळी. ग्राउंडची तार एका बोर्डावर ‘जीएनडी’, दुसऱ्यावर ‘झिरो’, तिसऱ्यावर ‘कॉमन’, आणि एकावर तर चक्क ‘खाली’! पिन टेकवायच्या जागा कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या, कधी मुळीच नाहीत.

शिवकांतानं जुने एकोणीस बोर्ड समोर मांडून एक कागद तयार केला. त्यावर अकरा नियम. प्रत्येक तारेचं नाव ठरलेलं. पिन टेकवायच्या जागा सगळ्या खालच्याच बाजूला, ठरावीक अंतरावर. प्रत्येक पार्टची किंमत, म्हणजे किती ओहम, किती व्होल्ट, ती डिझाईनच्या फाईलमध्येच लिहिलेली. एवढं पाळलं, तर फाईल वाचून चाचणीचा प्रोग्राम आपोआप लिहिणारं सॉफ्टवेअर ती करून देणार होती.

कागद घेऊन ती मडिवाळप्पांकडं गेली. उदगीरचे मडिवाळप्पा बावीस वर्षांपासून बोर्ड आखत होते. कारखान्यातली बहुतेक डिझाईन त्यांच्याच हातची. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद वाचला आणि परत केला.

“हे बघ पोरी, बोर्ड माझा, नावं माझी. आजवर कुणाचं अडलं का?”

“सर, माझं अडून राहिलंय ना,” ती म्हणाली.

ते हसले आणि पुन्हा स्क्रीनकडं वळले.

शिवकांताला राग आला, पण ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना फक्त तासभर टेस्टच्या टेबलाशी येऊन बसायची गळ घातली. तिथं विमलताई बोर्ड तपासत होत्या. बोर्ड मडिवाळप्पांचाच. पिन टेकवायच्या जागेला खेटून एक उंच कपॅसिटर उभा होता, म्हणून जिगची पिन तिथं पोचेना. विमलताई दर वेळी बोर्ड काढून, उलटा करून, हातातल्या प्रोबनं ती एक जागा मोजत होत्या. तासाभरात चाळीस वेळा.

“रोज असंच करता?” मडिवाळप्पांनी विचारलं.

“हाव सर. मनगट लई दुखतंय, पर करावं लागतंय. ह्यो कोन आखलाय कुनास ठाऊक.”

मडिवाळप्पांचे कान लाल झाले. संध्याकाळी शिवकांताच्या टेबलावर तो कागद परत आला. खाली त्यांच्या टोकदार अक्षरात बारावा नियम लिहिलेला होता: पिनेच्या जागेभोवती उंच पार्ट नको.

“आणि दहावा नियम जरा कच्चा आहे,” ते म्हणाले. “बस, सांगतो.”

त्यानंतरचे दोन महिने दोघं शेजारी शेजारी बसले. तिनं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांनी सहा नवे कंट्रोलर त्याच बारा नियमांनी आखले. चुकून एखादं जुनं नाव हातून गेलं, की सॉफ्टवेअर ती फाईलच परत करायचं. मडिवाळप्पा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत ती दुरुस्त करायचे.

मग तपासणीचा दिवस उजाडला. ठिबकचे संच बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे तपासनीस गंधार देशमुख पुण्याहून आले. त्यांनी मंजुरी दिली तरच त्यांच्या कंपनीसाठीचे ते सहाही कंट्रोलर लातूरला बनणार होते. देशमुखांनी पहिल्या कंट्रोलरचे पंचवीस बोर्ड मागवून घेतले, दार लावून अर्धा तास आत बसले आणि ट्रे बाहेर आणला.

“यातले पाच मी मुद्दाम बिघडवलेत,” ते म्हणाले. “शोधा.”

विमलताई एकेक बोर्ड जिगवर ठेवू लागल्या. दिवा हिरवा, हिरवा, लाल. डायोड उलटा. हिरवा. लाल. सोल्डर तुटलेलं. अठरा बोर्ड होईपर्यंत पाचही सापडले. मल्लिनाथशेठनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात एकविसावा बोर्ड लाल झाला.

देशमुखांनी मान हलवली. “हा मी हातातही घेतला नव्हता. तुमची चाचणी चांगल्या बोर्डाला नापास करते आहे.”

शिवकांतानं स्क्रीन नीट वाचला. तिथं अंदाज नव्हता. पार्टचं नाव, जागा, हवी असलेली किंमत आणि मोजलेली किंमत, सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

“सर, चाचणी बरोबर आहे,” ती म्हणाली. “चौदा नंबरचा रेझिस्टर दहापट जास्त आहे. भिंग द्या.”

मडिवाळप्पांनीच भिंग धरलं. तांदळाच्या कणीपेक्षा लहान तो रेझिस्टर, त्यावरचे आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले. शेवटचा, पुढं किती शून्यं ते सांगणारा आकडा दोनच्या जागी तीन. चुकीचा पार्ट कारखान्यातच लागला होता! मल्लिनाथशेठनी लगेच लाईन थांबवली. मशीनला पार्ट पुरवणाऱ्या फीडरवर नुकतंच चढवलेलं रेझिस्टरचं रीळच चुकीचं निघालं.

देशमुखांनी स्वतः भिंगातून पाहिलं, मग खुर्ची ओढून शिवकांतासमोर बसले. “या बोर्डाचा प्रोग्राम लिहायला किती दिवस लागले?”

“दिवस नाही सर. फाईल टाकली, चार मिनिटं लागली.”

“खोटं.”

“उरलेले पाच तुमच्यासमोर करते की.”

तिनं केले. एकामागून एक फाईल टाकली, एकामागून एक प्रोग्राम तयार झाला. पाचही कंट्रोलरसाठी तेच एक जिग पुरलं, कारण पिनांच्या जागा सारख्याच होत्या. दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली तरी लाईनवरच्या बायका डबे घेऊन काचेपलीकडंच उभ्या राहिल्या. सहाव्याचा दिवा हिरवा झाला, तशा त्यांनी टाळ्या पिटल्या. देशमुखांनी मंजुरीच्या सहाही कागदांवर सह्या केल्या.

“हे नियम कुणी आखले?” त्यांनी जाताना विचारलं.

शिवकांता तोंड उघडणार, तोच मडिवाळप्पा पुढं झाले. “हिनं. अकरा हिचे, एक माझा. आणि खरं सांगू? माझाही विमलताईंनी शिकवला.”

विमलताईंनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं हसल्या.