गार हवा आली गं!

तासगावात कोल्ड स्टोरेजमधून गेल्या सालचा बेदाणा न्यायला आलेल्या शालूबाई दारातच थबकल्या. तोंडाला चैत्राची झळ, पायाला मात्र गारवा, आणि उंबऱ्यावर धुकं.

“साक्षी, हे धुकं आतलं का भायेरचं गं?”

“वाफ भायेरची, गारवा आतला, आत्या,” सून म्हणाली. “गार हवा जड. ती खालनं घुसती, गरम हवेला वर ढकलती. वर गार पडली की तिच्यातल्या वाफंचं ढग. आभाळातबी असंच.”

“म्हंजे नव्या सुनेनं सासूला माळ्यावर धाडल्यावानी!”

साक्षीनं हसू दाबलं.

दुपारी बेदाणा सुकवायच्या उघड्या शेडवर मात्र शालूबाईंचा जीव टांगणीला लागला. रॅकवरची द्राक्षं अर्धीच सुकली होती. बाजूंना गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद खाली सोडला तर वारं कोंडून बेदाणा लाल पडणार; न सोडला आणि वळवाचा पाऊस आला तर काळा. आणि ऊन तर रणरणत होतं.

एकाएकी घोट्यांना गारवा लागला. तोंडाला अजून झळच होती.

“साक्षी, सून आली गं! सोड कागद!”

शेवटची दोरी बांधली आणि कागदावर थेंब ताशासारखे वाजू लागले. आतला रॅक कोरडा होता.

“आत्या,” साक्षी हळूच म्हणाली, “सासूबाई माळ्यावर रडाय लागल्या बघा.”