मयताहून परतताना

रुफिनोचं प्रेत त्याच्या बायकोच्या घरी ठेवलं होतं. तिथून त्याच्या आईला, पर्पेतुआ मावशीला, मी माझ्या तीनचाकीतून घरी सोडायला निघालो. भर दुपारी धो धो पाऊस पडत होता. "डोकं सांभाळा मावशी, टप ठेंगणा आहे," म्हणत मी तिला बसवलं आणि प्लास्टिकचा पडदा सोडला.

आमच्याकडे मयताच्या घरून थेट आपल्या घरी जात नाहीत. वाटेत कुठंतरी टेकायचं, नाहीतर मेलेला माणूस मागोमाग घरी येतो. पण वादळाच्या इशाऱ्यानं सगळं गाव दारं लावून बसलेलं. बेकरी बंद, चर्चला कुलूप, मासळीबाजारात चिटपाखरू नाही. धक्क्यापर्यंत दोन चकरा झाल्या आणि माझं डोकं फिरलं.

"काय माणसं आहेत! चार थेंब पडले की बसली बिळात!"

"पेट्रोल कशाला जाळतोस? सरळ घरी घे."

"मावशी, शुद्धीवर आहात ना? तो मागं येईल!"

"लग्न झाल्यापासून नऊ वर्षं रुसून बसलाय. दोन गल्ल्या पलीकडं राहून माझा उंबरा चढला नाही. येऊ दे की आता."

मी गाडी तिच्या घराकडं वळवली.

दारात ती उतरली, पण पडदा तिनं सोडला नाही. भिजत तसाच वर धरून ठेवला आणि रिकाम्या सीटकडं बघत म्हणाली, "डोकं सांभाळ रे बाळा, लागेल."