चतुरामावशीच्या पोस्टखाली

"मेली माझी, अन् रडून राहिले तिला!"

धुरपतामावशीनं मोबाइल चटईवर असा आदळला ना, मी झडप घालून आधी काच बघितली. मोबाइल माझा होता! थांबा, नीट सांगते, मध्ये बोलू नका कुणी.

आमची लातूरची संस्था त्र्याण्णवच्या भूकंपानंतर निघालेली. घर पडू नये म्हणून कसं बांधायचं, ते गावोगाव जाऊन दाखवायचं, एवढंच काम. त्यासाठी एक लाकडी पाट आहे. खाली गोट्या, वर विटांची दोन छोटी घरं. एका घराच्या भिंतींना चारी बाजूंनी सिमेंटचा पट्टा, दुसऱ्याला नाही. दोरी ओढली की पाट हलतो, बिनपट्ट्याचं घर धाडकन खाली, अन् बायका "अगं माय!" करून मागं सरकतात. दोरी ओढायची चतुरामावशी. बोलायची धुरपतामावशी. वर्षानुवर्षं असंच. घर पडलं की ती सांगायची, "गणपती बोळवून आलो त्या राती पोरगी म्हणली, आई, अंगणात निजू दे. गार वारं सुटलं होतं, म्हणून म्याच तिला आत घेतली. पहाटं मातीचं माळवद आलं खाली." एवढंच. मग बायका डोळे पुसत उठतात.

चतुरामावशी त्याच गावची, पण त्या रात्री उदगीरला भावाकडे होती. "तिच्या घरचं मांजर बी मेलं न्हाई," हे धुरपतामावशीचं ठरलेलं वाक्य. त्यात चतुरामावशीचा धाकटा पोरगा, भूकंपानंतर झालेला, तो लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला जातो. त्याचे मार्क ती जीपमध्ये सगळ्यांना ऐकवणार, अन् धुरपतामावशी खिडकीबाहेर तुरीचं रान बघणार. जळायची, सरळ सांगते. पण गावात पोचलं की बोलायची हीच. तेवढ्यावर तिचं भागायचं.

मग नांदेडहून आनंदराज सर आले, आम्हाला ब्लॉग अन् फेसबुक शिकवायला. वयानं काही फार मोठे नाहीत. हसू नका, तसलं काही नाहीये! म्हणाले, "पाट एका वेळी एकच गाव बघतं, पोस्ट जगभर जाते." प्रत्येकीनं एकेक गोष्ट सांगायची, सर टाइप करणार. धुरपतामावशी उठूनच गेली. "मला न्हाई जमायचं त्या डबड्यासमोर. मला माणसं लागतात." चतुरामावशी मात्र पदर सावरून बसली. आता तिच्याकडे स्वतःचं काय होतं? तिनं पाटावरचीच गोष्ट सांगितली. धुरपताची पोर, असंच सांगितलं तिनं. पण सरांचा एक नियम होता, सगळ्या पोस्टींमध्ये 'मी' पाहिजे. 'मी' असलं की वाचणाऱ्याच्या काळजाला लागतं म्हणे. त्यांनी धुरपता काढली, 'मी' घातलं. फोटो चतुरामावशीचा.

अन् लागलं ना काळजाला! शेअरवर शेअर. पुण्याहून, हैदराबादहून, दुबईहून. "ताई, तुमचा काहीच दोष नाही." "ताई, स्वतःला माफ करा." चतुरामावशी आधी घाबरली, मग तिला सवय झाली, मग गोडी लागली. नांदेडच्या एका कॉलेजनं भाषणाला बोलावलं, तर नवी साडी आणली. जीपमध्ये बसल्या बसल्या मला म्हणायची, "रुखसार, वाच की गं, आज काय म्हणून राहिले लोक?" मी वाचायची. अन् शेजारी धुरपतामावशी पाटाची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

तर त्या दिवशी ऑफिसात तिनं माझ्याकडून सगळ्या कमेंट वाचून घेतल्या. "ते दोष न्हाई म्हणलंय, ते परत वाच." वाचलं. "आणखी एकदा." वाचलं. अन् मग आदळला मोबाइल.

"चिमुकली लिवलंय म्हणं! धा वर्साची होती ती. माझ्या खांद्याला लागायची."

नेमकी चतुरामावशी दारात चपला काढत होती. "धुरपे, म्या तुझंच नाव सांगितलं होतं गं. सरानं बदललं."

"मग भाषणाला कामून चालली? तिथं बी सरच बोलणार हाय का तुझ्या तोंडानं?"

सर कॉम्प्युटरवरून उठून मध्ये पडले. "मावशी, आता पोस्ट काढली तर लोक संस्थेलाच खोटं म्हणतील. तुमची आपण वेगळी टाकू. नवीन."

"नवीन कुठून आणू? दुसरी पोरगी मारू काय?"

चतुरामावशी चिडली. "तुला काय कमी हाय गं? इतकी वर्सं गावोगाव तुझंच तर ऐकतेत सगळे. मी निस्ती दोरी वढते."

"ऐकतेत. ऐकून उठून जातेत." धुरपतामावशीचा आवाज एकदम खाली आला. "तुझा दोष न्हाई, असं एकानं बी म्हणलं न्हाई मला आजवर. तू बी न्हाई, चतुरे. दोरी धरून उभी ऱ्हायलीस."

चतुरामावशीची एक चप्पल पायात, एक हातात. तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुरपतामावशी माझ्यापुढं येऊन बसली. "ते खाली लिवत असतेत ना लोक, ते शिकव मला."

मी म्हटलं, झालं! आता ही शिव्या घालणार. पण तिच्यापुढं कोण बोलतंय? खातं काढून दिलं. फोटो नको म्हणाली. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं तिला वाचता यायची, पण मोबाइलवर सापडेनात. "पळतेत गं ही," म्हणायची. मी लिहून देते म्हटलं तर हात झटकला. एका बोटानं, जात्यात दाणे टाकावेत तसं एकेक अक्षर टाकत गेली. चहा आला, साय धरून गार झाला.

मी वाकून बघितलं. 'पोरीचं नाव सुवर्णा. नाकात चमकी होती.' बस. चतुरामावशीचं नावसुद्धा नाही.

"आणखी काही, मावशी?"

"न्हाई. सोड."

सोडलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला, चतुरामावशी पाट चढवत होती. तेवढ्यात अर्धापूरच्या कुण्या मुलीचं खाली उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. 'तुम्ही सुवर्णाच्या कोण?'

परत हॉर्न. मी म्हटलं, "मावशी, चला, आल्यावर लिहू."

ती उठली नाही. मोबाइल अगदी डोळ्यांजवळ नेला, बोट त्या अक्षरांवरून फिरवत राहिली.

"रुखसार," म्हणाली, "आईतला 'आ' कुठं हाय गं?"