थिएनहॉकच्या आईला खांदा

आमच्या बेटावर जपान्यांचं राज्य होतं तेव्हा ताकाओ प्रांतातल्या आमच्या चिकआखा गावात थिएनहॉक पोलीस होता. आमच्यातलाच, पण नाव बदलून जपानी झालेला. लढाईच्या दिवसांत परवानगीशिवाय डुक्कर कापायला बंदी होती. छायहाच्या नवऱ्याने, बुनतेकने, नववर्षाला घरचं एक डुक्कर गुपचूप कापलं. थिएनहॉक त्याला चौकीत घेऊन गेला, तोंडात नळी घालून पोटात पाणी भरलं आणि वरून बुटाने तुडवलं. बुनतेक परत आला तो रक्त ओकतच. भाताची कापणी काही त्याने पाहिली नाही.

मग जपान हरला. आजूबाजूच्या गावांत लोकांनी अशा पोलिसांना भर रस्त्यात बडवलं. थिएनहॉक मात्र वेळीच शहरात पळाला. छायहा कोयत्याला धार लावून बसली होती, ती तशीच राहिली.

थोड्याच दिवसांत त्याची म्हातारी आई वारली आणि त्याला गावात यावंच लागलं. म्हातारीबद्दल कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. छायहाचं बाळंतपणही तिनेच केलं होतं. तरी शवपेटी उचलायला निघालेली माणसं आधी छायहाच्या दारात आली. त्यांच्यातले वडीलधारे खिमसूकाका म्हणाले, तू म्हणशील तसं.

"ज्याला खांदा द्यायचाय त्याने द्यावा," ती म्हणाली. "पण मग बुनतेकचा भाऊ म्हणवून माझ्या दारात येऊ नये."

माणसं आपापल्या घरी परतली. थिएनहॉकने शेजारच्या गावात मजुरांसाठी निरोप धाडला, तर छायहा आधीच तिथे जाऊन बोलून आलेली. ऊन कडक. दुसऱ्या दिवशी त्याच्या घराजवळून नाक दाबल्याशिवाय जाता येईना. शेवटी तो शोकाचे गोणपाटी कपडे घालून तिच्या अंगणात आला आणि गुडघ्यांवर बसला.

"वहिनी, राग माझ्यावर काढा. आईने तुमचं काय केलंय?"

"काहीच नाही. बुनतेकने तुझं काय केलं होतं?"

कुंपणापाशी गाव जमलं होतं. छायहाने त्याला सांगितलं, चौकीत जे केलंस ते सगळ्यांसमोर बोल, आणि आपल्या बोलीत बोल. चौकीत जपानीऐवजी आपल्या बोलीत उत्तर दिलं म्हणून त्याने बुनतेकचे दात पाडले होते.

थिएनहॉक म्हणाला, वरून हुकूम होता. तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, बुनतेक आधीच आजारी होता. पुन्हा पहिल्यापासून. अखेर त्याने सगळं सांगितलं. नळी, बूट. त्या दिवशी जपानी साहेब गावातच नव्हता, हुकूम कुणाचाच नव्हता. आणि जप्त केलेलं मांस त्याने स्वतःच्याच घरी शिजवलं होतं. बुनतेकचा म्हातारा बाप दारात उभा राहून ऐकत होता.

"आता उचला," छायहा माणसांना म्हणाली.

ती स्मशानापर्यंत मागून चालत गेली. म्हातारीपुढे उदबत्ती लावली, वाकली. थिएनहॉक आभार मानायला पुढे आला, तर त्याच्याकडे न बघता निघाली. वाटेत काकांनी विचारलं, आता तरी मन शांत झालं का गं?

"नाही काका. पण भूक लागलीय."

थिएनहॉक त्याच दिवशी गेला, पुन्हा आला नाही. त्याचं घर कुणी विकत घेतलं नाही. हळूहळू लोकांनी छपराचे बांबू ओढून नेले. पहिला बांबू छायहाने काढला, दिवसाढवळ्या.