समासात लिहिलेलं नाव

आत्माराम पेडणेकर १९६१च्या ऑक्टोबरात जर्मनीत स्टुटगार्टला आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत आईने बांधून दिलेलं कुळथाचं पीठ होतं आणि फ्रान्स हा देश त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. राजापूर तालुक्यातल्या एका तलाठ्याचा हा धाकटा मुलगा. पुण्याला सर्व्हेइंग शिकला, दोन वर्षं नोकरी केली, शिष्यवृत्ती मिळाली आणि इथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेटसाठी दाखल झाला. प्रोफेसरांनी विषय दिला तो मात्र शेजारच्या देशातला. कोरेझ नावाच्या डोंगराळ फ्रेंच जिल्ह्यात शेतजमिनींची तुकडेजोड कुठे झाली, कुठे अडली, ते गावागणिक नकाशावर मांडायचं. फ्रेंच तो पुण्यात वर्षभर शिकला होता. उरलेलं शब्दकोश मांडीवर घेऊन शिकला.

काम रुक्ष असेल असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. फ्रान्समध्ये सगळ्यात खाली कम्यून, म्हणजे गाव. दहा-बारा गावांचं मिळून एक कॅन्टन. काही कॅन्टनांचं आरोंदिस्माँ, आणि अशा तीन आरोंदिस्माँचा हा जिल्हा. गाव, सर्कल, प्रांत, जिल्हा हे शब्द आत्मारामने लहानपणी वरणभातासोबत गिळले होते. त्याने तात्यांना, म्हणजे वडिलांना, चार पानी पत्र लिहून सगळी उतरंड कळवली. तात्यांना इतका आनंद झाला की उलट टपाली सहा पानं आली. तिकडचा मेयर म्हणजे आपला पाटील समजायचा की सरपंच, असं त्यांनी विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘वाड्यांचं ते लोक काय करतात? आपल्याकडे माणूस नाव सांगतो वाडीचं आणि दफ्तर असतं गावाच्या नावाने. अर्ध्या तालुक्याचे हेलपाटे त्यापायी होतात.’

तो राहायचा फ्राऊ बेर्टा हेगेले यांच्या घरी, वरच्या खोलीत. घर टेकडीवर, खालच्या रस्त्यावरून यायचं तर शंभरावर दगडी पायऱ्या. फ्राऊ हेगेले पन्नाशीच्या, एकट्या, कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. बोलणं मोजकं. जिना झाडायची पाळी कोणत्या आठवड्यात कोणाची, याची पाटी दारावर लटकवायची आणि पाळी चुकली तर नुसतं पाटीकडे बघायचं, एवढाच त्यांचा राग. पहिल्या वर्षात दोघांमध्ये हवापाण्यापलीकडे फारसं बोलणं झालं नाही.

१९६३च्या फेब्रुवारीत थोरल्या भावाचं, भास्करचं, पत्र आलं. तात्या गेले होते. पत्र हातात पडलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. जायचं तरी कशासाठी आणि कसं? आत्माराम खोलीत बसून राहिला. सकाळी गरम पाणी न्यायला तो खाली आला नाही, हे फ्राऊ हेगेलेंच्या लक्षात आलं. त्या मसुराचं सूप घेऊन वर आल्या, टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. तो रडला तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिल्या, पण उठून गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी त्यानेच बोलायला सुरुवात केली. तात्या काय काम करायचे, जन्ममृत्यूच्या नोंदी कशा ठेवायचे, शेताच्या बांधावरून दोन भाऊ भांडत आले तर दोघांना आधी पाणी कसं पाजायचे.

फ्राऊ हेगेले ऐकत होत्या. मग खाली गेल्या आणि शिवणाच्या मशीनच्या खणातून पाच पोस्टकार्डं घेऊन आल्या.

त्यांचा नवरा गोटलोब घरांची छपरं शाकारायचा. १९३८मध्ये लग्न झालं, १९४०मध्ये तो सैन्यात गेला. युद्ध संपताना फ्रेंचांच्या हाती सापडला आणि हजारो कैद्यांसारखा त्यालाही शेतावर कामाला लावलं. ही पाच कार्डं तिथून आली होती. मग १९४८मध्ये एक सरकारी कागद आला: कैदेत असताना मृत्यू, जिल्हा कोरेझ. गाव लिहिलेलं नव्हतं. कार्डांवर मात्र प्रत्येक वेळी एकच नाव होतं: ‘ल मा’.

फ्राऊ हेगेलेंनी ‘महापौर, ल मा, फ्रान्स’ अशी पत्रं पाठवली होती. दोन परत आली. तिसरं दूर दक्षिणेतल्या त्याच नावाच्या एका गावी पोचलं. तिथल्या महापौराने सभ्यपणे कळवलं की आमच्याकडे कोणी जर्मन नव्हता. त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं.

“तुम्ही त्याच जिल्ह्याचे नकाशे काढता,” त्या म्हणाल्या. “वर्षभर मी तुमच्या टेबलावर ते नाव बघते आहे. विचारायचा धीर झाला नाही.”

आत्मारामने कार्ड हातात घेतलं आणि त्याला तात्यांचं पत्र आठवलं. माणूस नाव सांगतो वाडीचं.

‘ल मा’ हे गाव नव्हतंच. त्या मुलखात ‘मा’ म्हणजे शेतघर, चार चुलींची वाडी. कोरेझच्या कम्यूनच्या यादीत ते नाव सापडणं शक्यच नव्हतं, कारण दफ्तर वाडीच्या नावाने नसतं. दुसऱ्या दिवशी त्याने विद्यापीठातले एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे पसरले आणि भिंग घेऊन बसला. आठवड्याभरात त्याने जिल्ह्यात सदतीस ‘ल मा’ शोधून काढले. आता त्यातलं एक निवडायचं होतं.

मदत गोटलोबनेच केली. कैद्यांना कार्डावर फार लिहायची मुभा नसे, पण छपरावरून सगळीकडे बघायची सवय असलेला तो माणूस होता. एका कार्डात लिहिलं होतं की महिन्याच्या आठ आणि बावीस तारखेला मालक बैल घेऊन मोठ्या गावच्या बाजाराला जातो, गाडीने दोन तास लागतात. दुसऱ्यात होतं: रविवारी चर्चला चालत जातो, अर्धा तास उतार, मग पूल. ग्रंथालयात आत्मारामला एक जुनं फ्रेंच पंचांग मिळालं, त्यात जत्रा-बाजारांचे दिवस दिलेले होते. मोठा बाजार भरतो तो कॅन्टनच्या मुख्य गावी; आठ आणि बावीसला बाजार भरणारं कॅन्टन जिल्ह्यात एकच निघालं. त्या कॅन्टनमध्ये ‘ल मा’ नावाच्या वाड्या तीन. एक सपाटीवर. दुसरीहून चर्चला जायला चढ. तिसरीखालून उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा दाटीवाटीने ओढ्यापर्यंत उतरत होत्या, ओढ्यावर पुलाची बारीक खूण होती आणि पलीकडे सँ लोराँ नावाचं कम्यून होतं.

त्याने सँ लोराँच्या मेरीला, म्हणजे गावच्या कचेरीला, पत्र लिहिलं. फ्राऊ हेगेलेंना सांगितलं की चूकही असू शकेल. त्या “या, या”, म्हणजे हो, हो, म्हणाल्या आणि पुढचे वीस दिवस टपालाच्या वेळी पायऱ्यांशी उभ्या राहिल्या.

उत्तर मे महिन्यात आलं. लिहिणाऱ्या मादाम रुगिए गावच्या शाळामास्तरीण होत्या आणि कचेरीचं दफ्तरही त्याच सांभाळत. गोटलोब हेगेले, मृत्यू नऊ नोव्हेंबर १९४७, ल मा इथे, न्यूमोनियाने. थडगं गावच्या दफनभूमीत आहे. ज्यांच्या शेतावर तो होता त्या शास्तांगबाई अजून हयात आहेत आणि थडग्याची निगा त्याच राखतात. आपण यावं, असं शेवटी लिहिलं होतं.

ऑगस्टमध्ये कारखान्याला सुट्टी लागली तेव्हा दोघं निघाले. फ्राऊ हेगेले जन्मात देशाबाहेर गेल्या नव्हत्या. सरहद्दीवर त्यांनी पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला. दोन्ही सरकारांनी त्याच वर्षी मैत्रीचा करार केला होता, पण गाडीत समोर बसलेल्या म्हाताऱ्याने जर्मन ऐकून तोंड फिरवलं.

शास्तांगबाई दफनभूमीच्या फाटकाशीच उभ्या होत्या. काळा पोशाख, पायात लाकडी तळाचे बूट. त्यांनी फ्राऊ हेगेलेंचे दोन्ही हात धरले आणि एकच शब्द म्हणाल्या: “बेर्टा.” नाव त्यांनी सोळा वर्षं लक्षात ठेवलं होतं. थडगं साधं, स्वच्छ, वर लोखंडी क्रूस. मग त्या पाहुण्यांना वर वाडीत घेऊन गेल्या आणि गोठ्याच्या छपराकडे बोट दाखवलं. सबंध छप्पर गोटलोबने बदललं होतं, आजवर थेंब गळला नाही. तापात शेवटचे चार दिवस तो बायकोशी बोलत होता, असं बाईंनी सांगितलं. आत्मारामने जर्मनमध्ये सांगताना नजर खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कचेरीत गेले. कचेरी म्हणजे शाळेच्या बाजूची एक खोली. मादाम रुगिएंनी १९४७चं मृत्यूचं पुस्तक काढून पान उघडलं. आत्माराम बोट ठेवून वाचत गेला: नाव, वय, व्यवसाय, जन्मगाव. ‘अमुकचा पती’ असं जिथे असतं तिथे त्याचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: विवाहित किंवा कसे, माहीत नाही.

शास्तांगबाईंनी नोंदीच्या वेळीच सांगितलं होतं की याला बायको आहे, नाव बेर्टा. पण कागद नव्हता, म्हणून तेव्हाच्या कारकुनाने लिहिलं नव्हतं.

आत्मारामने ती ओळ जर्मनमध्ये सांगितली. फ्राऊ हेगेले हळू आवाजात म्हणाल्या, “पंधरा वर्षं मी त्याची विधवा म्हणून जगले. आणि इथे लिहिलंय की त्याचं कोणीच नव्हतं.”

माझं नाव लिहा, असं त्यांनी म्हटलं नाही. पण खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. मादाम रुगिएंनी समजावलं की पुस्तकातला शब्द कोणालाच, अगदी महापौरालाही, बदलता येत नाही. आरोंदिस्माँच्या गावी जे न्यायालय आहे, तिथल्या सरकारी वकिलाने हुकूम दिला तर मात्र शेजारच्या समासात नोंद करता येते. त्यासाठी लग्नाचा दाखला हवा, शपथेवरचं भाषांतर हवं, साक्षीदाराचा जबाब हवा.

आत्मारामला घरची पडवी आठवली. नवरा गेल्यावर पोरंबाळं घेऊन बायका यायच्या, वारसनोंदीसाठी. तात्या म्हणायचे, कागद आण बाई, नाव मी लिहितो. आणि कागद कुठून आणायचा हे तिला कळत नसे, म्हणून स्वतः चपला घालून तिच्याबरोबर निघायचे.

“कागद मी करतो,” तो म्हणाला.

परतीच्या गाडीत त्याने भास्करला पत्र लिहिलं: तात्यांच्या पश्चात जमिनीला तुझं-माझं नाव लागलं असेल, आईचं लागलं का? भास्करचं उत्तर महिन्याने आलं. तलाठ्याच्याच घरात ते राहून गेलं होतं. आता लावून घेतलं होतं.

इकडे सँ लोराँचं काम आठ महिने चाललं. लग्नाचा दाखला मिळाला. शपथेवर भाषांतर करणारा एक म्हातारा वकील खालच्या गल्लीत सापडला. कागद गावातून आरोंदिस्माँला गेले आणि परत आले, कारण एका दाखल्यात फ्राऊ हेगेलेंचं माहेरचं नाव राउ होतं आणि दुसऱ्यात शेवटी एक ‘ह’ जास्त होता. तो ‘ह’ काढायला दोन महिने गेले. मग कॅन्टनच्या ठाण्याचा शिपाई सायकलवरून वाडीत गेला आणि शास्तांगबाईंचा जबाब घेऊन आला. बाईंनी त्याला जबाबाआधी गोठ्याचं छप्पर दाखवलं, असं मादाम रुगिएंनी कळवलं. एकदा जिल्ह्याच्या कचेरीने विचारलं की या प्रकरणाशी भारतीय नागरिकाचा संबंध काय. आत्मारामने प्रोफेसरांना विचारून उत्तर लिहिलं: भाडेकरू.

फ्राऊ हेगेले मध्ये एकदा म्हणाल्या की पुरे झालं, थडगं मिळालं हेच खूप आहे, तुमचा अभ्यास मागे पडतो. अभ्यास खरंच मागे पडला होता. प्रोफेसरांनी भुवया उंचावल्या होत्या. पण आता फक्त सरकारी वकिलाची सही उरली आहे, असं म्हणून आत्माराम पुन्हा पत्र लिहायला बसला.

१९६४च्या एप्रिलमध्ये, एका शनिवारी दुपारी, पाकीट आलं. आत मृत्यूच्या नोंदीची नवी नक्कल होती, खाली सँ लोराँचा गोल शिक्का. फ्राऊ हेगेलेंनी हात धुतले, पुसले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. जुना मजकूर होता तसाच होता. समासात, मादाम रुगिएंच्या शाळेतल्या गोल अक्षरात, नवी नोंद होती. आत्मारामने ती वाचली: हुकुमावरून नोंद करण्यात येते की मृत गोटलोब हेगेले हा बेर्टा राउ हिचा पती होता.

“पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या. “फ्रेंचमध्येच.”

त्याने पुन्हा वाचली. त्यांना त्यातली दोनच नावं कळत होती. त्यांनी कागदावर तळवा ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मग “आल्झो”, म्हणजे बरं तर, म्हणून उठल्या, कॉफी ठेवली आणि शास्तांगबाईंना पत्र लिहायला घेतलं. पत्र छोटंच होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये येते, येताना तुमच्यासाठी कोटाचं चांगलं कापड आणते, तुमचं माप कळवा. खाली इतकी वर्षं त्या ‘विधवा हेगेले’ अशी सही करायच्या. या वेळी पेन जरा थांबलं आणि त्यांनी लिहिलं: बेर्टा, गोटलोबची बायको.

भाषांतरासाठी कागद आत्मारामपुढे सरकवला. त्याने वाचून विचारलं की सहीचंही भाषांतर करायचं का.

“गेनाऊ, नेमकं तेच,” त्या म्हणाल्या. “ते आधी करा.”