कुलपातला हात

शब्दकोशाच्या कचेरीत ‘हात’ हा शब्द तिच्या टेबलावर आला, तेव्हा बाकीच्या टेबलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो कुणालाच नको होता. ‘हट्ट’ घ्यावा, ‘हवा’ घ्यावी, दोन दिवसांत उरकून मोकळं व्हावं. ‘हात’ मात्र एकदा अंगावर पडला की महिने खातो. पण ती पडली चौकशीबाई. तिला तेच हवं होतं.

चौकशीबाई हे नाव तिला कचेरीनं ठेवलं होतं आणि ते अगदी चपखल होतं. एकदा ती दाढ काढून घ्यायला गेली होती, तर तोंड उघडायचं सोडून डॉक्टरांना त्यांच्या चिमट्यांची नावं विचारत बसली. मागचे तीन पेशंट वैतागून निघून गेले. चौथ्यानं मात्र स्वतःहून दोन नावं सांगितली, आणि तीही हिनं लिहून घेतली.

‘हात’ घेतल्यापासून तर तिच्या पायाला भिंगरी लागली. जिन्यातल्या रंगाऱ्यानं सांगितलं, “भिंत अजून फिकी दिसतेय, आणखी एक हात लागेल,” की लगेच नोंदीचं कार्ड बाहेर. बागेतल्या बाकावर पेन्शनर मंडळींचा पत्त्यांचा डाव रंगलेला. त्यातले एक आजोबा ओरडले, “आमचे सात हात झाले!” हिनं तिथंच गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहिलं. पोहायला शिकवणाऱ्या बाईंचे हात वेगळे आणि सुताराच्या खुर्चीचे हात वेगळे. चोरीच्या तपासाला आलेल्या हवालदारानं शेजारच्या घरात नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, “यात घरातल्याच कुणाचा तरी हात आहे.” शेजारीण रडत होती आणि ही पेन्सिल शोधत होती. नंतर तिची तिलाच लाज वाटली, पण कार्ड झालं. एवढासा शब्द आणि किती घरांत याची ऊठबस, याचं तिला रोज नव्यानं नवल वाटायचं.

कचेरीचे नियम कडक होते. कोणत्याही अर्थाला दोन साक्षीदार लागत, आणि ते एकमेकांच्या ओळखीचे असून चालत नसे. शिवाय शब्द आपल्या तोंडून आधी काढायचा नाही. तो समोरच्याच्या तोंडून आपसूक यायला हवा. आणि शेवटी प्रत्येकाला एक ठरलेला प्रश्न विचारायचा : हा शब्द तुम्ही कुणाकडून उचललात? मुख्य संपादक या तीन नियमांपुढे सख्ख्या भावाचंही ऐकत नसत. पाठीमागे सगळे त्यांना ‘कात्री’ म्हणत आणि समोर ‘सर’.

एकशे बारा अर्थांना दोन-दोन साक्षीदार मिळाले होते. एकशे तेराव्याला एकच होता, आणि तो साक्षीदार म्हणजे तिचे वडील.

वडील कुलपं दुरुस्त करायचे. माणूस अबोल. दिवसभर कानस चालायची, तोंड चालायचं नाही. पण एखादं जुनं कुलूप हातात आलं, किल्ली घालून त्यांनी दोनदा फिरवली, की ते हमखास म्हणायचे, “याच्यात हात आहे.” म्हणजे वर्षानुवर्षं एकाच माणसानं फिरवून फिरवून कुलपाला त्याच्या फिरवण्याची सवय लागलेली असायची. कुणी किल्ली जरा दाबून फिरवतो, कुणी हिसका देतो. किल्लीनं उचलली जाणारी आतली पानं तशीच झिजतात. मग नवी कोरी किल्ली कितीही अचूक घासा, कुलूप तिला दाद देत नाही. हे सगळं त्यांनी तिला एकदाच समजावून सांगितलं होतं, ती कोशात नोकरीला लागली तेव्हा. तिनं ते तिथल्या तिथं कार्डावर उतरवलं होतं. कुणाकडून उचललात, असं विचारल्यावर ते “घरातूनच” एवढंच म्हणाले आणि पुन्हा कानस चालवायला लागले.

वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली. मागं उरली ती एक पत्र्याची पेटी, दोन कानशी आणि हा अर्थ. छापलेल्या एवढ्या मोठ्या पुस्तकात आपल्या बापाची एक ओळ असावी, असं तिला फार फार वाटायचं. ती हे कुणाजवळ बोलली नव्हती, पण कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“परवा सकाळी ‘ह’ छापखान्यात जातो,” कात्री म्हणाले. “दुसरा साक्षीदार आणा, नाहीतर एकशे बारावर थांबा.”

तिनं रजा टाकली, वडिलांच्या पेटीतलं एक जुनं कुलूप पिशवीत घातलं आणि सकाळी आठलाच घराबाहेर पडली.

शब्द तोंडातून काढायचा नाही, त्यामुळे प्रत्येक दुकानात कुलूप पुढं ठेवायचं आणि भोळा चेहरा करून विचारायचं, “बघा ना, याला काय झालंय?”

पहिला कुलूपवाला म्हणाला, “झिजलंय.” दुसऱ्यानं त्यात इतकं तेल ओतलं की तिच्या पिशवीतली कार्डं तेलकट झाली. तिसऱ्यानं हातोडी उचलली. तिनं कुलूप अक्षरशः त्याच्या तावडीतून सोडवलं. चौथा तरुण होता. तो मान हलवत म्हणाला, “मावशी, याचं वय झालंय. आता बोटानं उघडणारी कुलपं आली. किल्लीच नको.”

“आणि बोट झिजलं तर?” तिनं विचारलं.

त्यानं एकदा स्वतःच्या बोटाकडं पाहिलं आणि एकदा हिच्याकडं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

दुपारचे तीन वाजले तरी पाटी कोरी होती. पाय भरून आले होते. अकराव्या दुकानाचा पत्ता दहाव्यानं दिला, तोही तिची ब्याद टळावी म्हणून. एका जुन्या इमारतीत जिन्याखाली कोंदट जागा होती. खिळ्यांवर किल्ल्यांचे झुबके लटकलेले होते आणि मशीनपाशी साठीच्या आसपासची, जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई बसली होती. किल्लीवाली मान वर न करताच म्हणाली, “ठेवा इथं. घाई असली तर दुसरीकडं जा.”

“घाई नाही,” ही धादांत खोटं बोलली. “याला काय झालंय तेवढं बघा.”

किल्लीवालीनं कुलूप घेतलं. किल्ली घातली, फिरवली. थांबली. डोळे मिटून पुन्हा फिरवली.

“काही झालेलं नाही,” किल्लीवाली म्हणाली. “याच्यात हात आहे कुणाचा तरी.”

तिला उठून त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. तिनं कार्ड काढलं, वाक्य जसंच्या तसं उतरवलं, वार आणि वेळ घातली. झालं! बाबा पुस्तकात गेले. आता फक्त तो शेवटचा प्रश्न राहिला. तो न विचारता ती सरळ निघून गेली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. क्षणभर तसं तिच्या मनात येऊनही गेलं. पण चौकशीबाई न विचारता घरी जाणार, हे कालत्रयी शक्य नव्हतं.

“हा शब्द तुम्ही कुणाकडून उचललात?”

“माझ्या गुरूंकडून. नवरा गेल्यावर हे काम शिकले त्यांच्याकडं. नदीपलीकडं दुकान होतं त्यांचं. बोलायचे नाहीत फारसे, पण हाडाचे कारागीर.” किल्लीवालीनं कुलूप उलटं केलं आणि खालच्या बाजूला कोरलेल्या बारीक खुणेवर नख ठेवलं. “अहो, हे त्यांनीच उघडून बसवलेलं दिसतंय. तुमच्याकडं कसं आलं?”

दोन साक्षीदार म्हणता म्हणता दोन्ही तोंडं एकाच माणसाची निघाली. एवढ्या पायपिटीवर पाणी पडलं होतं. “मी त्यांची मुलगी,” ती कशीबशी म्हणाली.

किल्लीवालीनं चष्मा काढला आणि तिला नीट न्याहाळलं. “म्हणजे तो शब्द तुमचाच की!”

“बाबांचा.”

“नव्हे हो. तुमचा. मी त्यांना एकदा विचारलं होतं, ‘दादा, बाकी कुणी असं म्हणत नाही, तुम्हीच कसं म्हणता?’ तेव्हा सांगितलं त्यांनी. तुमची आई गेली ना, त्या आठवड्यात ते तुम्हाला घेऊन कुठूनतरी घरी आले. आईची किल्ली दवाखान्यात कुठंतरी हरवली होती. त्यांची स्वतःची किल्ली ते कधी वापरतच नसत. यायचे तेव्हा दार उघडंच असायचं. ती किल्ली काही केल्या फिरेना. एवढा कुलपांचा बादशहा, पण स्वतःच्याच दारात उभा. घामाघूम झाले, चिडले, दाराला लाथ घातली. आणि तुम्ही म्हणालात, ‘बाबा, याच्यात आईचा हात आहे. किल्ली वर ओढा.’ ओढली. उघडलं. मग ते म्हणे उंबऱ्यावरच बसले, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना तोच शब्द सांगायला लागले.”

जिन्यावरून कुणीतरी धडधडत खाली गेलं. किल्लीवाली काहीतरी पुढं बोलत होती, पण हिच्या कानांत शिरत नव्हतं. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. आईचा चेहरा, आवाज, साडीचा रंग, काही म्हणता काही तिला आठवत नव्हतं. मावशी सांगायची, “तुला तर कळलंही नाही गं, खेळत होतीस.” आणि ते तिला आयुष्यभर सलत आलं होतं. एवढी चौकस मुलगी, आणि आई गेलेली कळली नाही! त्या घरात ती पुढं वीस वर्षं राहिली. रोज किल्ली वर ओढून दार उघडलं. सगळीच दारं तशी उघडतात, असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कात्रींना काहीही न लपवता सांगितलं. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली, दोनदा वाचली आणि कपाळ चोळलं.

“अडचण बघा कशी आहे,” ते म्हणाले. “प्रत्येक अर्थ कधीतरी कुणीतरी एकट्यानंच पहिल्यांदा बोललेला असतो. कोण ते आपल्याला कळत नाही, म्हणून आपण छापू शकतो. इथं कळलंय.” मग म्हणाले, “ती किल्लीवाली हा शब्द गिऱ्हाइकांशी वापरते. अजून वीस वर्षांनी कुणीतरी तो तुमचं नावगाव माहीत नसताना बोलेल. तेव्हाच्या संपादकाला घेऊ दे.”

“तोवर मी कुठली असायला, सर.”

“मीही नसेन. वाईट वाटतंय?”

“बाबांची ओळ गेली त्याचं वाटतंय. खूप वाटतंय.”

नापास झालेल्या कार्डावर कारण लिहून सही करायची, आणि ती ज्यानं कार्ड आणलं त्यानंच करायची, अशी कचेरीची रीत होती. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा होता. ती टेबलाशी बसली. साक्षीदाराच्या रकान्यात ‘वडील, कुलूप दुरुस्त करणारे’ असं लिहिलेलं होतं, त्यावर तिनं पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं : ‘मुलगी, वय वर्षे चार. नुकतीच आई वारलेली.’ कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘साक्षीदार याच कचेरीत नोकरीला आहे.’

तिनं सही केली. आई आता नाही, हे आपल्याला तेव्हा कळलं होतं, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. मग तिनं कार्ड कात्रींच्या हातात दिलं आणि बाकीच्या टेबलांदेखत, अजिबात न लाजता, आईसाठी रडली.